पायगुण

फ्रीमन स्ट्रीटवरच्या जुन्या सामानाच्या दुकानात
तीन पौंडांना मिळाला हा खोका.
झाकणावर यंत्रमानव, हातात तलवार, मागे फुटणारा ग्रह.
"आतले भाग पुरे असतील असं काही नाही हं,"
गल्ल्यावरच्या मॉरीनबाई म्हणाल्या,
आणि एक पौंड परतही देऊ लागल्या. मी घेतला नाही.

घरी झाकण काढलं.
दीडशे तुकडे, आपापल्या चौकटीला नाळेने धरलेले,
पिशव्या न फोडलेल्या, एक सोडून.
आणि कोपऱ्यात, टिश्यूत गुंडाळलेला,
एकच तयार पाय.
डावा.

कुणीतरी इथवर आलं होतं.

पाय निळा. सूचनापत्रकात पांढरा आहे.
रंगाचा थर जाड, घोट्याशी ब्रशचा एक केस रुतलेला,
टाचेवर ओल्या रंगात धरल्याची खूण:
अंगठ्याचे वळसे, स्पष्ट,
माझ्या करंगळीहून लहान.

दिवसभर मी दात रंगवतो.
लोकांचे. चिनीमातीचे. एकेक.
ग्रिम्झबीच्या गोदीमागे आमची लॅब आहे,
उत्तरेच्या खिडकीशी माझं टेबल.
चहाचा पिवळा, सिगरेटचा करडा,
हिरडीशी थेंबभर मध, टोकाला ढगाळ काच.
दात असा हवा, की कुणी केला हे कुणाला कळू नये.
मासळीवाल्या मिसेस ऑकल्स्टन परवा खळखळून हसल्या,
वरचा डावा सुळा माझा होता.
त्यांना काय ठाऊक. मी कॉड घेतला आणि निघालो.

तेव्हा वाटलं, सोपं आहे:
पाय रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवायचा,
सकाळी कोरा, पहिल्यापासून सुरू.
बरणीही काढली, लोणच्याची, हिंगाचा वास अजून न गेलेली.
पाय चिमट्यात धरला.
धरूनच बसलो.

मग बाकीचं करत गेलो.
कटरने तुकडा तोडायचा, नाळेचा कोंब कानशीने घासायचा,
छातीच्या फटींत काळी शाई सोडायची,
ती आपली आपण धावते, कोपरा गाठते, थांबते.
पाण्यात भिजवलेले आकडे खांद्यावर सरकवायचे
श्वास रोखून.
विभावरी चष्मा पुसत म्हणाली,
"पन्नाशीत हे काय? आणि उजवा पायही निळाच कर ना मग."

केला.
सात वेळा निळा कालवला, सात पुठ्ठ्यांवर.
पहिला जांभळट, दुसरा शाळेच्या स्वेटरसारखा,
सातवा जवळपास.
पण जवळपासच.
सुळा जमतो मला, हा पाय जमेना.
त्या पोराने रंग कालवलाच नव्हता,
बाटलीतून थेट, पहिला थर वाळायच्या आत दुसरा.
घाई कुठल्या बाटलीत मिळते?

शेवटी उजवा पांढराच ठेवला.

आता तो खिडकीत उभा आहे, साडेबारा सेंटिमीटर.
खरा असता तर अठरा मीटर असता म्हणे.
पलीकडे गोदीचा मनोरा दिसतो,
लांबून, बरोबर याच्याच उंचीचा.
माझा पाय नियमाप्रमाणे वळतो, वाकतो,
म्हणून डुगडुगतो.
त्या पोराने घोट्यात इतका गोंद ओतलाय
की सांधा जन्मात हलणार नाही.
सगळा भार त्या निळ्या पायावर.
आमच्याकडे नव्या सुनेचा पायगुण बघतात,
हा तर अख्खा पायच आधी आला, माणूस मागून.

काल रात्री शेवटचा हात दिला,
उजव्या टाचेवर, पांढरा, ओला.
आणि वाळायच्या आत
अंगठा टेकवला.

सकाळी लॅबमध्ये डेरेकने माझ्या नखाकडे पाहिलं.
"घरी रंगकाम काढलंय वाटतं?"
"हो," म्हटलं,
"एका पायाचं."